व्हिडिओ गेम पार्लरची स्मृती आणि ‘स्मरणरंजन’ ही संकल्पना

१. प्रश्नाचे स्वरूप

मराठी समीक्षेत ‘स्मरणरंजन’ हा शब्द बहुधा दोष दाखविण्यासाठी वापरला जातो. एखाद्या कादंबरीत आजोळ, आमराई, नदीचा घाट आणि सणवार यांची वर्णने पानोपानी येऊ लागली आणि वर्तमानाशी तिचा व्यवहार संपत आला, की समीक्षक तिच्यावर स्मरणरंजनाचा शिक्का मारून पुढे जातो. हा शिक्का अनेकदा योग्यही असतो. मात्र त्यामुळे स्मरणरंजन म्हणजे नेमके काय, ते कशाला चिकटते, कोणाला परवडते आणि त्यातून काय निसटते, हे प्रश्न विचारण्याची गरज आपल्याला सहसा भासत नाही.

हे प्रश्न नव्याने विचारण्यास भाग पाडणारी एक घटना आज आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे. साधारणतः १९७५ ते १९९० या काळात जन्मलेली आणि महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्यांच्या गावांत वाढलेली पिढी आता प्रौढ झाली आहे. तिच्या आठवणींत विटीदांडू आणि सूरपारंब्या यांच्या जोडीने, किंबहुना त्यांच्यापेक्षाही अधिक उत्कटतेने, व्हिडिओ गेम पार्लर येते. भाड्याच्या गाळ्यातील अंधार, चारपाच यंत्रे, रुपयाचे नाणे आणि खेळणाऱ्याच्या पाठीशी उभी असलेली मुले यांविषयी ही पिढी ज्या स्वरात बोलते, तो स्वर मराठी वाचकाला अपरिचित नाही. पूर्वीची पिढी गावच्या वाड्याविषयी याच स्वरात बोलत असे. विषय बदलला आहे, स्वर तोच आहे. अशा वेळी त्या स्वराचे परीक्षण करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम ठरते. प्रस्तुत लेखात सोलापूर व विशेषतः जुळे सोलापूर या वसाहतीच्या संदर्भात हा विचार मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. संकल्पनेची दोन अंगे

‘स्मरणरंजन’ या सामासिक शब्दात भर रंजनावर आहे. याच भावनेसाठी मराठीत वापरला जाणारा दुसरा शब्द म्हणजे ‘गतकातरता’. त्यात भर वेदनेवर आहे. युरोपीय भाषांतील ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द मुळात दुसऱ्या शब्दाला जवळचा होता. योहानेस होफर या तरुण वैद्यकाने १६८८ साली बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात घरी परतणे व वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून तो घडविला. मायभूमीपासून दूर राहणाऱ्या स्विस माणसांना जडणाऱ्या आजाराचे ते नाव होते आणि घरी परतणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय मानला जात असे. म्हणजे ही वेदना आरंभी स्थळाची होती. पुढे ती काळाची झाली, तेव्हा तिच्यावरचा उपायही नाहीसा झाला, कारण गेलेल्या काळात परत जाता येत नाही.

स्थळ आणि काळ यांतील हा भेद आपल्या परंपरेतही दिसतो. जात्यावरच्या ओव्यांतील सासुरवाशिणीची माहेरची ओढ ही मुख्यतः स्थळाची ओढ आहे. माहेर दूर असले तरी ते आहे, भाऊ न्यायला येऊ शकतो, सणाला जाता येते. बालपणाची ओढ मात्र काळाची आहे. तिथे नेणारा भाऊ नाही.

स्वेतलाना बॉइम या अभ्यासिकेने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या भावनेचे दोन प्रकार कल्पिले आहेत. पहिला पुनःस्थापक. त्यात गमावलेले घर जसेच्या तसे पुन्हा उभारण्याचा आग्रह असतो आणि आपण भावनेच्या नव्हे, सत्याच्या बाजूने बोलत आहोत अशी त्या माणसाची समजूत असते. दुसरा चिंतनशील. त्यात परतणे अशक्य आहे याची जाणीव असते व मन त्या अंतरावरच रेंगाळते. मराठी समीक्षेने ज्याला दोष मानले ते बहुतांशी पहिल्या प्रकारचे स्मरणरंजन आहे. दुसऱ्या प्रकारातून चांगले साहित्य निर्माण झाल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाच्या शेवटी चाळसंस्कृतीविषयी जी हुरहूर व्यक्त होते, तिच्याआधी त्याच चाळीतील क्षुद्रतेची यथेच्छ थट्टा येऊन गेलेली असते. त्यामुळे ती हुरहूर फसवी वाटत नाही.

भारतीय काव्यशास्त्रात ‘स्मृती’ हा तेहतीस व्यभिचारी भावांपैकी एक आहे. परंतु आपल्या विषयाला अधिक जवळचा संदर्भ ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकात मिळतो. हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो. त्याला शकुंतला आठवत नाही, तरीही प्रिय माणसाच्या विरहासारखे काहीतरी त्याला जाणवते. विषय विसरला गेला आहे आणि ओढ शिल्लक आहे, अशी ही विलक्षण अवस्था आहे. आज वीस वर्षांची मुले ज्या यंत्रांना त्यांनी कधी हातही लावला नाही, त्यांच्या ठोकळेदार चित्रांचे अंगरखे हौसेने घालतात आणि तो काळ कसा चांगला होता असे म्हणतात. त्यांच्यापाशी तर विसरण्याजोगाही अनुभव नाही, केवळ ओढ आहे. स्मरणाशिवायचे हे रंजन कोठून येते, याचे उत्तर देण्यासाठी प्रथम मूळ अनुभवाची घडण पाहावी लागते.

३. यंत्र, नाणे आणि गाळा

अमेरिकेतील अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ १९७२ साली आला. जपानमधील ताइतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी घडविलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८ साली, तर नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी घडविलेला ‘पॅक-मॅन’ १९८० साली आला. या यंत्रांचे अर्थशास्त्र साधे होते. एका नाण्यात ठरावीक संख्येचे जीव मिळत व ते लवकर संपणे मालकाच्या हिताचे असे. खेळ किती अवघड असावा हे यंत्राच्या आतील पाटीवरच्या छोट्या कळा फिरवून मालकाला ठरविता येत असे. खेळणाऱ्याला मात्र आपण आपल्याच चुकीने हरलो असे वाटले पाहिजे. या दोहोंचा तोल साधण्यात त्या रचनाकारांचे कौशल्य होते.

‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रूंची संख्या घटत जाईल तसतसा त्यांचा वेग वाढतो. हा परिणाम प्रथम ठरवून आणलेला नव्हता. पडद्यावर काढावयाच्या आकृती कमी झाल्या की त्या यंत्राचा गणक उरलेल्या आकृती अधिक वेगाने काढू शकत असे. तंत्राची ही मर्यादा खेळाचा प्राण झाली. ‘पॅक-मॅन’ला तर शेवटच नाही. आठ बिटांच्या गणनेत २५५च्या पुढची संख्या मावत नसल्यामुळे २५६व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या गोंधळाने भरून जातो आणि खेळ पुढे सरकू शकत नाही. कथनाच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावे अशी ही गोष्ट आहे. या आरंभीच्या खेळांत विजयाने येणारी समाप्ती नव्हती. पराभव हाच त्यांचा एकमेव शेवट होता आणि प्रत्येक खेळणारा तो जाणूनच नाणे टाकीत असे.

भारतात ही यंत्रे १९८०च्या दशकात मोठ्या शहरांत आणि १९९०च्या दशकात जिल्ह्याच्या गावांत पसरली. कॅपकॉम कंपनीचा ‘स्ट्रीट फायटर २’ (१९९१) आणि त्याच कंपनीचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ (१९९३) हे खेळ आपल्याकडील पार्लरांत विशेष गाजले. घरोघरी त्याच सुमारास निन्टेंडोच्या १९८३ सालच्या घरगुती यंत्राच्या स्वस्त नकला येऊ लागल्या होत्या व त्यांच्यावर ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळले जात होते. समाजाची दृष्टी मात्र साशंक होती. पार्लर म्हणजे जुगाराचे पुढचे रूप, अशी पालकांची व पोलिसांची समजूत होती आणि काही ठिकाणी ती निराधार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने एम. जे. सिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात १९९५ साली दिलेल्या निर्णयात व्हिडिओ गेम चालविण्यासाठी परवान्याची अट घालण्याचा शासनाचा अधिकार मान्य केला. म्हणजे ज्या जागेविषयी आज हळवेपणाने बोलले जाते, ती जागा तिच्या ऐन काळात संशयाच्या कक्षेत होती.

सोलापूरच्या संदर्भात या जागेला आणखी एक पार्श्वभूमी आहे. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि मराठी, कन्नड, तेलुगू व दक्खनी उर्दू बोलणारी माणसे या शहरात शेजारी-शेजारी राहू लागली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. सार्वजनिक करमणुकीची या शहराची स्वतःची परंपराही जुनी आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक व अक्षता सोहळा आटोपला, की होम मैदानावरचा गड्डा कितीतरी दिवस गजबजलेला राहतो. पाळणे, मौत का कुआ, नेमबाजीचे गाळे यांत पैसे देऊन थोडा वेळ थरार विकत घ्यायचा, ही कल्पना सोलापूरच्या मुलाला गड्ड्याने आधीच शिकविली होती. पार्लर हा वर्षभर चालणारा आणि चार भिंतींत मावणारा गड्डाच होता.

जुळे सोलापूर ही विजापूर रस्त्याच्या बाजूने शहराच्या दक्षिणेस वाढलेली नवी वसाहत. नावातच जुळेपणा आहे, परंतु या जुळ्याला भावंडाचा भूतकाळ मिळाला नाही. साखर पेठ, बुधवार पेठ, मंगळवार पेठ यांना आपापल्या आठवणी होत्या, देवळे होती, तालमी होत्या. मोकळ्या माळावर आखलेल्या भूखंडांवर घरे बांधून राहायला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना यांपैकी काहीच वारशाने मिळाले नाही. मराठी साहित्यातील स्मरणरंजनाला लागणारी वाडा, पेठ, आजोळ ही सामग्रीच त्यांच्यापाशी अपुरी होती. अशा वसाहतीत मुलांना एकमेकांची ओळख होण्याच्या जागा म्हणजे न बांधलेले भूखंड, सायकलचे दुकान आणि व्हिडिओ गेमचा गाळा. नव्या वसाहतीची पहिली सामायिक स्मृती भाड्याच्या गाळ्यात तयार झाली, ही वस्तुस्थिती या पिढीच्या हळवेपणाचा उलगडा करण्यास पुष्कळ अंशी पुरेशी आहे.

४. डाव, गडी आणि भाषा

खेळ आणि मराठी भाषा यांचा संबंध प्राचीन आहे. तुकारामबोवांच्या गाथ्यात टिपरी, विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी अशा खेळांवर रचलेले अभंग आहेत. अनंत बाबाजी देवधर यांचे ‘मराठी खेळांचे पुस्तक’ १९०५ साली प्रसिद्ध झाले, तर करंदीकर-मुजुमदार यांनी संपादिलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’च्या खंडांत देशी खेळांची विस्तृत नोंद आहे. डाव, गडी, राज्य, रडीचा डाव, लिंबूटिंबू हे शब्द या खेळांनी व्यवहाराला दिले.

यांतील ‘लिंबूटिंबू’ ही संकल्पना पार्लरशी ताडून पाहण्यासारखी आहे. मैदानी खेळात वयाने लहान मुलाला खेळात घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो खेळतो आणि मोजला जात नाही. ही सवलत समाजाने नियमाला घातलेली मुरड आहे. यंत्रापाशी अशी मुरड संभवत नाही. सहा वर्षांच्या आणि सोळा वर्षांच्या मुलाला ते सारख्याच कठोरतेने हरविते. त्याच्यापुढे रडीचा डावही खेळता येत नाही, कारण तक्रार ऐकणारे कोणी नसते. या अर्थाने यंत्र निर्दय व निःपक्षपाती होते. परंतु यंत्राने नाकारलेली मुरड गाळ्यातील मुलांनी आपली आपण घातली. ज्याच्यापाशी नाणे नसे तो पाठीशी उभा राहून सूचना देई. अवघड टप्पा आला की मोठा मुलगा लहानाच्या हातून दांडा घेऊन तेवढा टप्पा पार करून देई. ‘एक लाइफ दे की बे’ ही सोलापुरी विनवणी म्हणजे लिंबूटिंबूचाच नवा अवतार होय.

या विनवणीतील ‘लाइफ’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. मुलांनी तो इंग्रजीतून जसाच्या तसा घेतला, पण त्याला मराठीत स्त्रीलिंग दिले. ‘माझी लाइफ गेली’ असेच म्हटले जाई. ‘माझा जीव गेला’ असे कोणी म्हणत नसे. ‘जीव’ हा शब्द एकदाच जाणाऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवला गेला आणि तीनदा जाऊन पुन्हा मिळणाऱ्या गोष्टीसाठी परका शब्द वापरात आला. भाषा किती नकळत विवेक करते याचे हे लहानसे उदाहरण आहे.

नामकरणाचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ मार्क शुल्ट्झ यांच्या एका अमेरिकी चित्रकथामालिकेवर आधारलेला होता. त्यात खेळणाऱ्याला निवडता येतील अशी चार पात्रे होती व त्यांपैकी एकाचे नाव मुस्तफा कैरो. भारतभर हा खेळ ‘मुस्तफा’ याच नावाने ओळखला गेला. मूळ शीर्षकातील अमेरिकी मोटारगाडी आणि नामशेष प्राणी हे दोन्ही आपल्या मुलांना परके होते. चौघांपैकी एकच नाव शेजारच्या घरातले वाटले आणि मुलांनी ते संपूर्ण खेळाला देऊन टाकले. सोलापूरसारख्या शहरात तर या नावाचे वर्गमित्र असणे अगदी स्वाभाविक होते. कर्त्याने दिलेले नाव मागे पडून लोकांनी दिलेले नाव रूढ होणे हे मराठी वाचकाला नवे नाही. ‘भावार्थदीपिका’ आपण ‘ज्ञानेश्वरी’ म्हणूनच वाचतो. दोन गोष्टींच्या योग्यतेत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे सांगावयास नको. तरीही वस्तू आपलीशी करण्याची लोकमानसाची रीत दोन्हीकडे एकच आहे.

याचप्रमाणे पाठभेदांचा प्रश्नही येथे उद्भवतो. आपल्याकडील पार्लरांत चाललेल्या पाट्यांपैकी अनेक नकली होत्या. ‘स्ट्रीट फायटर २’ची ‘रेनबो’ या नावाने ओळखली जाणारी अनधिकृत आवृत्ती १९९२ साली निघाली. तीत वेग वाढविलेला होता आणि मूळ खेळात अशक्य असलेल्या करामती शक्य होत्या. ज्या मुलाने हीच आवृत्ती प्रथम पाहिली त्याच्या दृष्टीने तीच मूळ संहिता होती. हस्तलिखित परंपरेत प्रक्षिप्त ओवीवर प्रेम करणाऱ्या वाचकाची स्थिती याहून फार निराळी नसावी.

५. काय परतते आणि काय परतत नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. गेलेला काळ परत येत नाही, हे स्मरणरंजनाचे गृहीतक आहे. पार्लरच्या बाबतीत मात्र एक अपूर्व गोष्ट घडली. गमावलेली वस्तू खरोखरच परत आली. इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली ‘मेम’ या नावाची संगणकप्रणाली प्रसिद्ध केली. जुन्या यंत्रांच्या स्मृतिपट्टिकांतील मजकूर उतरवून घेऊन तो आजच्या संगणकावर मूळ यंत्राप्रमाणेच चालविणे, हे तिचे कार्य. जगभरच्या स्वयंसेवकांनी हजारो खेळ अशा रीतीने जतन केले. या संग्रहात अधिकृत आवृत्ती मुख्य मानून नकली आवृत्त्या तिच्या खाली नोंदविल्या जातात. एकनाथांनी १५८४ साली केलेल्या ज्ञानेश्वरीच्या पाठशुद्धीशी तुलना केली तर एक फरक लक्षात येतो. एकनाथांनी अपपाठ दूर केले. येथे ते दूर न करता नोंदवून ठेवले आहेत. आधुनिक पाठचिकित्सेचे तत्त्व याला अधिक जवळचे आहे.

हे जतन अत्यावश्यक होते. ही यंत्रे स्वभावतःच विसराळू होती. पुष्कळशा जुन्या यंत्रांत सर्वाधिक गुणांची यादी वीज जाताच पुसली जाई, त्यामुळे भारनियमनाच्या दिवसांत एखाद्याची कीर्ती संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. कॅपकॉम कंपनीने १९९३ पासून वापरात आणलेल्या यंत्रणेत नकला रोखण्यासाठी कूटसंकेताची किल्ली एका बॅटरीच्या आधारावर ठेवली होती. बॅटरी संपली की पाटी कायमची निकामी होई. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली ‘पॅक-मॅन’ व ‘टेट्रिस’ यांसह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. तरीही २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नाहीत.

ज्यांना जुना खेळ आज पुन्हा मिळतो त्यांचा अनुभव काय असतो? खेळ अचूक तोच असतो. तोच आवाज, तेच रंग, शत्रू त्याच जागी उभा. आणि थोड्याच वेळात कंटाळा येतो. कळ दाबताच हवी तितकी नाणी मिळत असल्यामुळे हरण्याची भीती उरत नाही, आणि भीती नसल्यामुळे अवधानही उरत नाही. पाठीशी कोणी उभे नसते. हा अनुभव निराशाजनक असला तरी संकल्पनेच्या दृष्टीने मोलाचा आहे. आजोळच्या वाड्याविषयी अशी परीक्षा घेता येत नाही, कारण वाडा पुन्हा उभा करता येत नाही. त्यामुळे हुरहूर वाड्याची आहे की वाड्यातल्या माणसांची, हे अनिश्चित राहते. येथे वस्तू जशीच्या तशी परत मिळते आणि तरीही ओढ शमत नाही. यावरून ओढ वस्तूची नव्हती, असा निष्कर्ष काढता येतो.

नाट्याभ्यासातील परिभाषेत सांगावयाचे तर ‘मेम’ने संहिता जतन केली, प्रयोग जतन झाला नाही. तमाशाच्या वगाची छापील प्रत हाती असली म्हणजे कनातीतील प्रेक्षक, त्यांची दाद आणि त्या दादेवर सोंगाड्याने वेळेवर जोडलेले वाक्य हाती आले असे होत नाही. पार्लरचा प्रयोग म्हणजे नाण्याची टंचाई, रांग, अनोळखी मुलाशी झालेली दोस्ती, चार भाषांतली आरडाओरड आणि घरी कळेल की काय ही धास्ती. यांपैकी काहीही स्मृतिपट्टिकेत साठविलेले नव्हते. बॉइम यांच्या परिभाषेत, पुनःस्थापक स्मरणरंजनाला त्याची इच्छा पुरवून मिळाली आणि ती पुरवून मिळताच ते पोकळ ठरले. शिल्लक राहिले ते चिंतनशील स्मरण.

६. ही स्मृती कोणाची?

मात्र चिंतनशील स्मरणालाही एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. गाळ्यात कोण होते आणि कोण नव्हते? पार्लर ही जवळजवळ संपूर्णतः मुलग्यांची जागा होती. त्याच वयाच्या मुलींचे खेळ, मग ते सागरगोटे असोत, भोंडला असो की फुगड्या, घर आणि अंगण यांच्या हद्दीत राहिले. ‘आमचे बालपण पार्लरात गेले’ या वाक्यातील ‘आमचे’ हे सर्वनाम त्यामुळे तपासून घ्यावे लागते. त्या पिढीच्या अर्ध्या भागाला हे सर्वनाम लागू पडत नाही.

दुसरा प्रश्न नाण्याचा. रुपया ही फार मोठी रक्कम नव्हती, असे आज म्हटले जाते. ज्या घरात गिरणीची नोकरी सुटली होती आणि विड्या वळून संसार चालत होता, त्या घरात रुपयाला निराळा अर्थ होता. दलित आत्मकथनांनी मराठी साहित्याला शिकविलेला सर्वांत मोठा धडा हाच आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि याच सोलापूर जिल्ह्यातील हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) या पुस्तकांत स्मृती आहे, पण रंजन नाही. गावगाड्याच्या ज्या चित्राने इतरांना हुरहूर लावली, त्याच चित्रात या लेखकांना भूक आणि अपमान दिसला. त्यांच्यानंतर ‘गाव’ हा शब्द निरागसपणे उच्चारणे मराठी लेखकाला शक्य राहिले नाही. ‘पार्लर’ या शब्दाबाबतही तीच दक्षता घेणे आवश्यक आहे. काचेच्या दाराबाहेर उभे राहून आतला निळा उजेड पाहणाऱ्या मुलाची स्मृतीही या इतिहासाचा भाग आहे आणि आत असलेल्यांच्या आठवणींत तो मुलगा सहसा येत नाही.

म्हणून साहित्यनिर्मितीच्या दृष्टीने येथे दोन वाटा संभवतात. एक सोपी वाट आहे. खेळांची नावे, कळांचा क्रम आणि त्या काळच्या शीतपेयांची यादी द्यावी आणि समवयस्क वाचकाकडून ओळखीचे हसू मिळवावे. याला स्मरणाची सूची म्हणता येईल. दुसरी वाट प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथांनी दाखविली आहे. ‘वनवास’ (१९९४) या संग्रहात बेळगावकडील सीमाभागातील बालपण आहे, कानडीचे हेल आहेत, जुन्या वस्तू आहेत. पण ते सर्व लंपनच्या त्या क्षणीच्या जाणिवेतून येते. प्रौढ निवेदक वरून उसासे टाकीत नाही. त्यामुळे वाचकाला गेलेला काळ दिसत नाही, चालू असलेला काळ दिसतो. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) नाक्यावरच्या तरुणांना कोणत्याही हळवेपणाशिवाय उभे केले, हाही आपल्यापुढचा आदर्श आहे. पार्लर हे नाक्याचे धाकटे भावंड. त्याला असा लेखक लाभणे अगत्याचे आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली अशी की स्मरणरंजनाला केवळ दोष मानणे पुरेसे नाही. ते पुनःस्थापक आहे की चिंतनशील, हे प्रत्येक कृतीबाबत पाहिले पाहिजे. दुसरी अशी की पार्लरच्या उदाहरणात वस्तू परत मिळूनही ओढ शमत नाही. त्यामुळे स्मरणरंजनाचा खरा विषय वस्तू नसून त्या वस्तूभोवती जमलेली माणसे हा असतो, असे बऱ्याच निश्चितपणे म्हणता येते. ज्यांनी ती यंत्रे पाहिलीच नाहीत अशा तरुणांची ओढही यातून समजू शकते. खेळ त्यांच्या हातातल्या फोनवर आहेत. ज्याच्या मागे उभे राहून पाहावे असा खेळणारा आणि आपल्या मागे उभा राहील असा पाहणारा त्यांना मिळत नाही. तिसरी गोष्ट अशी की कोणत्याही सामूहिक स्मृतीला तिच्या दाराबाहेर कोण होते हे विचारणे, ही मराठी साहित्याने स्वतःच घालून दिलेली शिस्त आहे.

येथे अध्यापकांची एक जबाबदारी संभवते. आपल्या विभागांतून लोकगीते, लोककथा व लोकखेळ यांचे संकलन पदव्युत्तर विद्यार्थी करतात. पार्लरची भाषा ही तितकीच मौखिक आहे आणि तिचे भाषक अद्याप आपल्यात आहेत. खेळांची स्थानिक नावे, विनवण्या, शिव्या, डावपेचांना दिलेले शब्द, त्यांवरील कन्नड, तेलुगू आणि दक्खनीचे ठसे यांची नोंद सोलापूरसारख्या शहरात आज करता येईल. आणखी वीस वर्षांनी ती आठवणीच्या आठवणीवरून करावी लागेल. संकलन करताना पूर्वीच्या खेळाडूंबरोबर गाळ्याचे मालक, यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर, मुलांना शोधत तिथे येणाऱ्या माता आणि आत कधीच न गेलेल्या बहिणी यांचीही साक्ष घ्यावी लागेल. खेळांच्या संहिता सुरक्षित आहेत. त्यांच्या प्रयोगाची नोंद करण्याचे काम संगणकप्रणालीच्या आवाक्यातील नाही, ते भाषेच्या अभ्यासकाचे आहे.